गबदूचा लाडू आणि भुईमायची ओढ

एक होता उतार.

उताराच्या वरच्या टोकाला होता गोठा. खालच्या टोकाला होतं बीळ. आणि मधोमध, ओढ्याच्या काठाला, होतं कवठाचं उंच झाड.

बिळात राहायचा गबदू.

गबदू कोण? गबदू शेणकिडा! काळा काळा, गोल गोल, चकचकीत. सदऱ्याच्या बटणाएवढा. पण रुबाब? रुबाब बैलाएवढा!

बिळात गबदूची आई होती. आणि गबदूची बहीण होती, चिमी. चिमी एवढीश्शी. मोहरीच्या दाण्याएवढी. ती परवाच चालायला लागली होती. पण पाय किती? सहा! आधी कुठला टाकायचा तेच तिला कळायचं नाही. दोन पावलं चालायची. टप्प! पडायची. भ्यां! रडायची. मग म्हणायची, "दादा कुठाय? माझा दादा कुठाय?"

आई हसायची. म्हणायची, "गबदू, चिमीला तुझी भारी ओढ आहे रे."

"ओढ म्हणजे काय गं आई?"

"ओढ म्हणजे, तू लांब गेलास की तिला वाटतं, ये, ये, माझ्याजवळ ये."

हे ऐकून गबदू फुगायचा. होता त्याहून गोल व्हायचा.

एकदा काय झालं, सकाळी सकाळी आई म्हणाली, "गबदू, आज लाडू तू आण. एकट्याने."

एकट्याने! पहिल्यांदाच!

"चिमीला भूक लागलीय. ऊन लागायच्या आत ये हं. ऊन लागलं की लाडू वाळतो. वाळला की फुटतो. फुटला की चिमी उपाशी."

"आलोच!" म्हणाला गबदू. आणि निघाला.

तुरुतुरु, तुरुतुरु. चढ चढला. धाप लागली. थांबला. पुन्हा निघाला. तुरुतुरु, तुरुतुरु. आला गोठ्यापाशी.

गोठ्याबाहेर पोवळी गाय उभी होती. पोवळीमागे काय होतं? शेण! ताजं ताजं, गरम गरम शेण. गबदूने त्याचा केला लाडू.

ईईई नाही म्हणायचं! तुम्हाला रव्याचा लाडू आवडतो. चिमीला शेणाचा आवडतो. ज्याचा त्याचा खाऊ.

लाडू झाला गोल गोल. गबदूपेक्षा मोठा. आता तो न्यायचा कसा? डोकं खाली. मागचे पाय लाडवावर. आणि उलटं उलटं चालायचं. शेणकिड्यांच्यात तशीच पद्धत आहे.

ढकल रे ढकल, हुश्श!
ढकल रे ढकल, हुश्श!

उलटं चालताना पुढचं दिसतं का? नाही दिसत. गबदूलाही दिसलं नाही. उतार आला. आणि लाडू सुटला!

गडगड गडगड गडगड...

"थांब! अरे थांब!" गबदू ओरडला.

लाडू कसला थांबतोय! गडगड गडगड गडगड... खट्ट!

थांबला एकदाचा. कुठे थांबला? कवठाच्या झाडाखाली. तिथे होता एक मोठ्ठा गोटा. लाडू गोट्याला जाऊन टेकला. इकडून झाडाचं मूळ, तिकडून झाडाचं मूळ. मध्ये लाडू. पुढे गोटा. लाडू अडकला!

गबदू धावत आला. त्याने लाडू वर ढकलला. हुश्श! लाडू पुन्हा खाली. गडगड, खट्ट! पुन्हा वर ढकलला. पुन्हा खाली. गडगड, खट्ट! तिसऱ्यांदा ढकलला. तिसऱ्यांदा खाली. गडगड, खट्ट!

"मी तर खाली ढकलत नाही," गबदू म्हणाला. "मग हा खाली येतो कसा? याला ओढतंय तरी कोण?"

त्याने इकडे पाहिलं. तिकडे पाहिलं. कुणीच नव्हतं.

झाडाची सावली लाडवावर होती. पण ऊन सरकत होतं. हळूहळू, हळूहळू, ऊन जवळ येत होतं. आणि खालून आवाज आला, "भ्यां! दादा कुठाय?"

गबदूच्या डोळ्यांत पाणी आलं. पण त्याने ते पुसलं. आणि गोट्याला म्हणाला,

"गोटेकाका, गोटेकाका, हला ना हो!
लाडू सुटेना,
चिमी भुकेली, रडायची थांबेना!"

गोटा म्हणाला, "छे रे बाबा! आपण होऊन हलायची आमच्यात पद्धत नाही."

"मग कधी हलणार?"

"माझ्या पोटाखाली फळी आहे. फळीने मला उचललं, तर मी हलेन."

बरं!

गबदू निघाला. तुरुतुरु, तुरुतुरु. गोट्याला वळसा घातला. तिथे होती मोडक्या गाडीची फळी. तिचं एक टोक गोट्याखाली. मधला भाग मुळावर टेकलेला. आणि दुसरं टोक हवेत, वर!

"फळीताई, फळीताई, उचल ना गं!
गोटा हलेना,
लाडू सुटेना,
चिमी भुकेली, रडायची थांबेना!"

फळी कुरकुरली. कर्र! म्हणाली, "छे रे बाबा! आपण होऊन हलायची आमच्यात पद्धत नाही."

"मग कधी हलणार?"

"माझं हे वरचं टोक कुणी खाली दाबलं, तर माझं खालचं टोक वर जाईल. मग मी गोट्याला उचलेन."

गबदू चढला वरच्या टोकावर. बसला. उठला. धप्पकन बसला. नाचला. फळी काही हलली नाही!

फळी म्हणाली, "अरे, कुणी बसलंय का तिथे? मला तर काही कळलंच नाही. कुणीतरी जड हवं बाबा. ते वर कवठ दिसतंय? ते माझ्यावर पडलं, तर मी उचलेन."

गबदूने वर पाहिलं. बापरे! केवढं उंच!

पण गबदूला पंख होते. त्याने पंख उघडले. भुंऽऽऽ, भुंऽऽऽ, गेला वर. वर जाताना दम लागला. फार फार दम लागला. फांदीच्या टोकाला लोंबत होतं कवठ. पांढुरकं, गोल गोल, टणक.

"कवठमामा, कवठमामा, पडा ना हो!
फळी उचलेना,
गोटा हलेना,
लाडू सुटेना,
चिमी भुकेली, रडायची थांबेना!"

कवठ म्हणालं, "छे रे बाबा! आपण होऊन हलायची आमच्यात पद्धत नाही."

"मग कधी हलणार?"

"पिकलोय मी कधीचाच. पण देठाने मला घट्ट धरलंय. सोडतच नाही! फांदी डुलली, तर देठ तुटेल. देठ तुटला, तर मी पडेन."

बरं!

गबदू निघाला. तुरुतुरु, तुरुतुरु. देठावरून फांदीवर. फांदी होती लांब लांब. स्वस्थ पडली होती. एक पानसुद्धा हलत नव्हतं. आज वारासुद्धा सुट्टीवर!

"फांदीवहिनी, फांदीवहिनी, डुला ना हो!
कवठ पडेना,
फळी उचलेना,
गोटा हलेना,
लाडू सुटेना,
चिमी भुकेली, रडायची थांबेना!"

फांदी म्हणाली, "छे रे बाबा! आपण होऊन हलायची आमच्यात पद्धत नाही."

"मग कधी हलणार?"

"ते बघ, त्या बेचक्यात वानरआजोबा झोपलेत. ते उठले आणि त्यांनी माझ्यावर उडी मारली, तर मी डुलेन. अश्शी डुलेन, अश्शी डुलेन, की विचारू नकोस!"

बरं!

गबदूने खाली पाहिलं. ऊन आणखी सरकलं होतं. आता लाडू आणि ऊन यांच्यात दहाच पावलं होती. गबदूची पावलं हं, आपली नाही!

गबदू पळाला. तुरुतुरु, तुरुतुरु. बेचक्यात वानरआजोबा बसले होते. तोंड काळं, अंग पांढुरकं, शेपटी लांबच लांब, खाली सोडलेली. डोळे मिटलेले. घुर्रर्र... फुस्स. घुर्रर्र... फुस्स.

"वानरआजोबा, वानरआजोबा, उठा ना हो!
फांदी डुलेना,
कवठ पडेना,
फळी उचलेना,
गोटा हलेना,
लाडू सुटेना,
चिमी भुकेली, रडायची थांबेना!"

वानरआजोबांनी एक डोळा उघडला. म्हणाले, "छे रे बाबा! पोटभर खाल्ल्यावर आपण होऊन हलायची आमच्यात पद्धत नाही."

"मग कधी हलणार?"

"मी भित्रा आहे रे जरा. कुणाला सांगू नकोस. पोवळीच्या गळ्यात घंटा आहे. घंटा वाजली, तर मी दचकेन. दचकलो, तर मी उठेन. उठलो, की उडी मारल्याशिवाय राहवत नाही मला!"

एवढं बोलून आजोबांनी डोळा मिटला. घुर्रर्र... फुस्स.

बरं!

गबदूने पंख मिटले. आणि पाय सोडले. टप्प! आला खाली.

अरेच्चा! वर जाताना किती दम लागला होता. भुंऽऽऽ, भुंऽऽऽ, किती पंख मारले होते. आणि खाली येताना? काहीच करावं लागलं नाही. नुसते पाय सोडले, की टप्प!

"मला ओढलं तरी कोणी?" गबदू म्हणाला. इकडे पाहिलं. तिकडे पाहिलं. कुणीच नव्हतं.

पण आत्ता विचार करायला वेळ कुठे होता! गबदू चढ चढला. तुरुतुरु, तुरुतुरु. आला गोठ्यापाशी. पोवळी गाय रवंथ करत होती. चुबुक चुबुक, चुबुक चुबुक. मान अगदी स्थिर. आज एक माशीसुद्धा नव्हती.

"पोवळीमावशी, पोवळीमावशी, घंटा वाजव ना गं!
वानर उठेना,
फांदी डुलेना,
कवठ पडेना,
फळी उचलेना,
गोटा हलेना,
लाडू सुटेना,
चिमी भुकेली, रडायची थांबेना!"

पोवळी म्हणाली, "अगं बाई! लाडू माझ्याच शेणाचा ना? दुसरा दिला असता रे. पण आजचं शेण देऊन झालं. आता उद्या."

"मग घंटा तरी वाजव."

"छे रे बाबा! रवंथ करताना आपण होऊन हलायची आमच्यात पद्धत नाही."

"मग कधी हलणार?"

"माझ्या खुराला काही लागलं, तर मी दचकेन. पाय उचलेन. मान हलवेन. मान हलली, की घंटा वाजलीच म्हणून समज. तो बघ ढिगारा. वर खडा बसलाय ना? तो घरंगळत माझ्या खुरापाशी आला, तर मी घंटा वाजवेन."

बरं!

गबदू निघाला. तुरुतुरु, तुरुतुरु. पोवळीमागे होता मातीचा ढिगारा. ढिगाऱ्याच्या अगदी टोकावर बसला होता एक खडा. होता बोराच्या बीएवढा. पण बसला होता राजासारखा.

"खडेराव, खडेराव, घरंगळा ना हो!
घंटा वाजेना,
वानर उठेना,
फांदी डुलेना,
कवठ पडेना,
फळी उचलेना,
गोटा हलेना,
लाडू सुटेना,
चिमी भुकेली, रडायची थांबेना!"

खडेराव म्हणाले, "छे रे बाबा! आपण होऊन हलायची आमच्यात पद्धत नाही."

"मग कधी हलणार?" गबदूचा आवाज आता रडवेला झाला होता.

"भुईमायने मला खाली ओढलं, तर मी घरंगळेन."

"भुईमाय? ती कुठे राहते?"

"तिच्या अंगावर उभा आहेस की तू!" म्हणाले खडेराव.

गबदूने पायांखाली पाहिलं. माती. समोर पाहिलं. माती. मागे पाहिलं. मातीच माती! इतका वेळ तो तिच्याच अंगावरून पळत होता. तुरुतुरु, तुरुतुरु. आणि तिला एकदाही हाक मारली नव्हती.

गबदू खाली वाकला. मातीला गाल टेकला. आणि म्हणाला,

"भुईमाय, भुईमाय, ओढ ना गं!
खडा घरंगळेना,
घंटा वाजेना,
वानर उठेना,
फांदी डुलेना,
कवठ पडेना,
फळी उचलेना,
गोटा हलेना,
लाडू सुटेना,
चिमी भुकेली, रडायची थांबेना!"

आता गबदूला वाटलं, भुईमाय पण म्हणणार, छे रे बाबा!

पण भुईमाय तसं म्हणालीच नाही. ती हसली. मऊ मऊ हसली. म्हणाली, "ओढ म्हणतोस? अरे, मी तर ओढतेच आहे! कधीची ओढतेय. खड्याला ओढतेय. कवठाला ओढतेय. गोट्याला ओढतेय, म्हणून तर तो एवढा जड. तुलासुद्धा ओढतेय. मघाशी झाडावरून टप्पकन कोण आलं?"

"मी!"

"कोणाकडे आलास?"

"तुझ्याकडे!" गबदूचे डोळे मोठ्ठे झाले. "म्हणजे... म्हणजे लाडू पण तूच ओढलास?"

"हो. मीच."

आता मात्र गबदू चिडला. लालबुंद झाला असता, पण काळा होता, म्हणून दिसलं नाही. "तू चोर आहेस! माझा लाडू का ओढलास? चिमी रडतेय तिकडे!"

भुईमाय म्हणाली, "बाळा, मी कुणाला वगळत नाही. लहान, मोठं, जड, हलकं, सगळ्यांना ओढते. मला सगळ्यांची ओढ आहे ना."

ओढ? हा शब्द गबदूने ऐकला होता.

"ओढ म्हणजे... ये, ये, माझ्याजवळ ये?"

"अगदी तश्शी."

"चिमीला माझी आहे, तश्शी?"

"तश्शीच. रात्रंदिवस. जराही न थांबता."

गबदूचा राग पळाला. कुठल्या कुठे पळाला. पण कोडं काही सुटलं नाही. "मग खडा का येत नाही तुझ्याजवळ? तू तर ओढतेस!"

"नीट बघ. त्याच्यापुढे काय आहे?"

गबदूने पाहिलं. खडेरावांच्या पुढे होती गवताची एक काडी. आडवी पडलेली. बारीकशी.

"कवठाला देठाने धरलंय. खड्याला काडीने अडवलंय," भुईमाय म्हणाली. "मी ओढतेय, काडी अडवतेय. म्हणून खडा जागच्या जागी. त्याला एकच ढकल हवी. एवढीश्शी. काडी ओलांडण्यापुरती. पुढचं मी बघते."

"पण ढकलणार कोण?" गबदूने विचारलं. त्याने इकडे पाहिलं. तिकडे पाहिलं. कुणीच नव्हतं.

भुईमाय नुसती हसली.

गबदूने स्वतःच्या पायांकडे पाहिलं. मागच्या पायांकडे. आणि एकदम उडालाच!

"मी! मी ढकलणार! मला येतं की ढकलायला! मला तेच तर येतं!"

काय म्हणावं या गबदूला! गावभर हिंडला. सगळ्यांच्या पाया पडला. आणि ढकलणारा होता कोण? स्वतःच!

खाली ऊन कुठवर आलं होतं? लाडवापासून एक पाऊल. एकच!

गबदू वळला. डोकं खाली. मागचे पाय खड्यावर. आणि उलटं उलटं...

ढकल रे ढकल, हुश्श!

खडा हलला नाही.

ढकल रे ढकल, हुश्श!

खडा डुगडुगला.

म्हणा रे सगळे! ढकल रे ढकल, हुश्श्श्श!

खडा काडीवर चढला. खडा काडी ओलांडून गेला. आणि मग? मग भुईमायने ओढला!

गडगड गडगड गडगड... टक्क! पोवळीच्या खुराला लागला.

"अगं बाई!" पोवळी दचकली. पाय उचलला. मान हलवली. टिणिंग टिणिंग टिणिंग! घंटा वाजली.

"कोण? कोण? कोण आलं?" वानरआजोबा दचकले. उठले. हुप्प! मारली उडी फांदीवर.

फांदी डुलली. वर, खाली, वर, खाली. झुईंग, झुईंग!

कट्ट! देठ तुटला. कवठ निघालं. भुईमायने ओढलं. सूंऽऽऽ... धप्प! फळीच्या टोकावर.

फळीचं वरचं टोक गेलं खाली. खालचं टोक आलं वर. कर्रर्र! गोटा उचलला.

गोटा कलंडला. गडगड धडधड, गडगड धडधड... डुबुक! बाजूच्या ओढ्यात पडला. "हुश्श, बरं झालं," म्हणाला. "किती दिवसांनी आंघोळ!"

आणि लाडू? वाट मोकळी. उतार पुढे. भुईमाय ओढतेय. लाडू सुटला! गडगड गडगड गडगड... ऊन मागे, लाडू पुढे!

"आलो, आलो!" गबदू मागून धावला. तुरुतुरु, तुरुतुरु. धावता धावता कवठाजवळ अडखळला. आणि तोसुद्धा गडगडला! लाडू गोल. गबदू गोल. लाडू पुढे, गबदू मागे. गबदू पुढे, लाडू मागे. कोणता लाडू आणि कोणता गबदू, कुणाला कळेना!

गडगड गडगड गडगड... टप्प! टप्प!

दोघेही बिळाच्या दारात.

आई धावत बाहेर आली. एक लाडू पाहिला. एक गबदू पाहिला. दोघेही धुळीने माखलेले. तिने आधी कुणाला उचललं? गबदूला! "आलास रे बाळा! आणि लाडू पण मऊ मऊ! एकट्याने आणलास?"

गबदू हसला. आणि म्हणाला,

"मी ढकलला,
भुईमायने ओढला,
खडा घरंगळला,
घंटा वाजली,
वानर उठला,
फांदी डुलली,
कवठ पडलं,
फळीने उचललं,
गोटा हलला,
लाडू सुटला,
आता चिमी जेवली, की मी पण जेवणार!"

तिकडे झाडाखाली कवठ फुटलं होतं. वानरआजोबा त्यातला गर बोटाने चाटत होते. पोवळी पुन्हा रवंथ करत होती. आणि ढिगाऱ्याखाली खडेराव सांगत होते, "सगळं माझ्यामुळे झालं बरं का!"

चिमीने लाडू पाहिला. दादाला पाहिलं. "दादा!" म्हणून ती धावली. पण सहा पाय ना! आधी कुठला टाकायचा? एक पाऊल. दोन पावलं. टप्प! पडली.

चिमीने तोंड उघडलं. आता रडणार, आता रडणार...

"थांब, थांब!" गबदू म्हणाला. "चिमे, तुला कोणी ओढलं ठाऊक आहे?"

चिमीने मान हलवली. नाही.

"भुईमायने! तिला तुझी ओढ आहे. ती म्हणते, ये, ये, माझ्याजवळ ये."

चिमीने मातीला गाल लावला. थोडा वेळ तशीच राहिली. मग उठली. आणि मातीला म्हणाली,

"भुईमाय, मी आले ना. पण जरा हळू ओढ!"

आई हसली. गबदू हसला. आणि चिमी? चिमी पुन्हा चालली. एक पाऊल. दोन पावलं. तीन पावलं! टप्प! पडली. पण रडली का? अंहं. खुदकन हसली.

लाडू गेला पोटात, गबदू निजला बिळात, आणि तुमची माझी गोष्ट आली थेट खाली, अंथरुणात!

आता उशी वर फेका बरं. कुठे गेली?

टप्प!

कोणी ओढली?